मळी, यीस्ट आणि उसाचा उतारा

मळीतल्या साखरेचा मद्यार्क करते ते यीस्ट. नेहमीच्या रीतीत ते टाकीत सुटे तरंगते व आंबलेल्या मळीबरोबर बाहेर पडते. दुसऱ्या रीतीत यीस्ट बांधून ठेवतात. समुद्रशेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या द्रावणात ते मिसळून थेंब-थेंब कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात सोडले, की साबुदाण्यासारखे मणी बनतात. साखर आत शिरते, मद्यार्क बाहेर येतो आणि तेच मणी पुन्हा वापरता येतात. मात्र मळीतल्या गाळाने व वायूच्या दाबाने ते खराबही होतात.

मणी कितीही चांगले असोत, 100 किलो ग्लुकोजपासून 51 किलोहून अधिक मद्यार्क निघत नाही. तेव्हा यंत्राच्या कौतुकापेक्षा हिशेब पाहावा. 2025-26 हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलमागे 355 रुपये दर ठरविला. उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळविली, की साखर कमी निघते व उतारा घटलेला दिसतो. ही वळविलेली साखर उताऱ्यात धरलीच पाहिजे. ती आपल्याच उसातली आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. मळीपासून लिटरभर मद्यार्क करताना साधारण 8 ते 15 लिटर काळे सांडपाणी निघते. ते ओढ्यात गेले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. दूधगंगा-वेदगंगेकाठी माणसे आणि जनावरे तेच पाणी पितात.

म्हणून कारखान्याच्या वार्षिक सभेला अवश्य जा आणि दोनच प्रश्न विचारा: उतारा कसा काढला? सांडपाणी कुठे जाते? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.