घोडं त्यांचं, दावण आमची

पनवेलहून नेरे, वाजे, मालडुंगेच्या बाजूला गेलं की फार्महाऊसच्या कुंपणाआड अधूनमधून एखादं तट्टू दिसतं. मुंबईच्या मालकाने मुलांच्या हौसेसाठी घेतलेलं असतं. मुलं मोठी होतात, मालक नोकरीनिमित्त परदेशी जातो, बंगल्याला कुलूप लागतं आणि तट्टू शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात येतं. ‘जरा सांभाळा, खर्चाचं बघू आपण’ एवढ्या बोलीवर. नीट निगा राखली तर तट्टू पंचवीस वर्षं जगतं. ही बोली मात्र दोन-तीन वर्षांतच विसरली जाते.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. तरीही अशी प्रकरणं माझ्या ओटीवर येतातच. अलीकडे आलेल्या शेतकऱ्याकडे एक कुमेद घोडी आहे. कपाळावर टिकली, डावा मागचा पाय पांढरा. मालक आखातात. सुरुवातीला पैसे येत, मग थांबले, आता फोनही उचलला जात नाही. इकडे शेतकऱ्याची जमीन विकली गेली, गोठा मोडायचा आहे. मेव्हण्याकडे खालापूरला जागा आहे. वरातीला घोडी पुरवणारा एक जण रोख पैसे द्यायला तयार आहे. “साहेब, इतकी वर्षं खायला मीच घातलं. मग घोडी माझीच झाली ना?”

मी घोडी पाहून आलो. अंगावर खरारा रोजचा होता, गव्हाणीत कोरडं गवत आणि भिजवलेला हरभरा होता. पुढच्या उजव्या खुराला भेग होती, तिला तेल लावलेलं होतं. या माणसाने जनावर जीव लावून सांभाळलंय, यात शंका नाही. तरीही मी त्यांना सांगितलं, की घोडी तुमची झालेली नाही. विकू नका.

सांभाळल्याने मालकी येत नाही. जे आपलं नाही ते विकलं, तर घेणाऱ्याच्या हातीही सहसा मालकी लागत नाही आणि उद्या मालक उभा राहिला की दोघांचंही घोडं अडतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सांभाळायला दिलेल्या वस्तूंवर स्वतंत्र प्रकरण आहे. कलम १५४ मधलं उदाहरण तर घोड्याचंच आहे. बनारसला जायचं म्हणून कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतला आणि नेला कटकला. स्वार जपूनच चालवत होता, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई त्यानेच द्यायची. कलम १६३ सांगतं, की सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाचं. शिंगराचंही तेच. वेगळं ठरलं असेल तरच वेगळं.

पण हाच कायदा मालकालाही मोकळा सोडत नाही. घोडा खोडकर आहे हे माहीत असून लपवलं आणि स्वार पडला, तर कलम १५० प्रमाणे जबाबदार घोडा देणारा. मोबदला न घेता मालकासाठी जनावर सांभाळलं, तर आवश्यक खर्च त्याने भरून द्यावा, असं कलम १५८ म्हणतं. म्हणून चाऱ्याच्या, नालबंदाच्या आणि औषधाच्या पावत्या जपा. तुम्ही घोडी वरातीला पाठवून कमाई केली असेल, तर तीही हिशेबात प्रामाणिकपणे दाखवा.

हलवण्याचंही तसंच. मिळेल त्या टेम्पोत घोडी चढवली, असं चालत नाही. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो, गाडीत पाय घसरू नये अशी सोय आणि बाजूंना मऊ अस्तर लागतं. याला मी कधीच नुसती कागदी कटकट मानलं नाही. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. त्याची तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते आणि रोग पक्का ठरला तर जनावराला दयामरण द्यावं लागतं. एक बाधित घोडी नव्या तबेल्यात गेली, तर तिथल्या सगळ्यांचा घात होतो.

म्हणून त्या शेतकऱ्याला मी असं सुचवलं. मालकाला मेसेज आणि त्यांच्या इथल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. घोडीचे आजचे फोटो, हलवण्याचं कारण, नवी जागा आणि तारीख कळवा. विकत घ्यायची इच्छा असेल तर रक्कमही लिहा, त्यातून खर्च किती वळता करणार तेही लिहा. मालकाचं ‘हो’ लेखी आल्याशिवाय खरेदी झाली असं समजू नका. पूर आला, छप्पर कोसळलं तर मात्र आधी जनावर सुरक्षित हलवा आणि त्याच दिवशी कळवा.

माझा खरा राग मालकांच्या गप्प बसण्यावर आहे. पनवेलभोवती विमानतळ आला, त्याच्या आसपासच्या ‘नैना’ या विकास क्षेत्राची आखणी झाली, चराऊ रानं झपाट्याने आटत चालली. आज जो गोठा आहे तो पुढच्या वर्षी असेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. अशा वेळी मालकाने फोन न उचलणं म्हणजे शेतकऱ्याला अडकवणं आणि मुक्या जनावराचे हाल करणं.

यापुढे जनावर सांभाळायला देताना एक पान लिहाच. घोड्याचा रंग, खुणा, भोवरे आणि वय लिहा. महिन्याचा खर्च कोण देणार, कमाई आणि शिंगरू कुणाचं, आजारात निर्णय कुणी घ्यायचा, तेही ठरवा. आणि सर्वात महत्त्वाचं, स्पीड पोस्टने पाठवलेल्या पत्राला ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर सांभाळणाऱ्याला जनावर हलवता येईल आणि ठरलेल्या किमतीत घेता येईल, ही संमती मालकाने आधीच सही करून द्यावी. जनावर दिलं त्या दिवशी दोघेही समोरासमोर असतात, मन साफ असतं. पान लिहायची वेळ तीच.

आणि परदेशातल्या मालकांनो, तुमचं तट्टू इथे कुणाच्या दावणीला असेल तर आजच फोन करा. परत नेतो, विकतो किंवा तुम्हालाच देतो, यातलं एक काहीतरी स्पष्ट सांगा आणि लिहून द्या.