विधाननगर नव्हे, बिधाननगर

यंदा गणेशोत्सवाच्या आमंत्रणपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं, तेव्हा पत्त्यात 'विधाननगर' होतं. मी 'व'चा 'ब' केला. पत्रिका छापून आली तर पुन्हा 'विधाननगर'च! विचारलं, तर उत्तर मिळालं, "वहिनी, बंगाल्यांना 'व' म्हणता येत नाही, म्हणून आपणही अशुद्ध लिहायचं का?" आरतीची वेळ झाली होती, मी गप्प बसले. पण हा प्रश्न गप्प बसण्यासारखा नाही.

कोलकात्यातल्या आपल्या सॉल्ट लेकचं बिधाननगर हे नाव एका माणसावरून पडलं आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय 1948 पासून 1962 पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. 1961 साली त्यांना भारतरत्न मिळालं. आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. 1933 साली गांधीजींनी पुण्यात पर्णकुटीत 21 दिवसांचा उपास केला, तेव्हा त्यांची प्रकृती सांभाळायला डॉ. रॉय तिथे होते. ते स्वतःचं नाव इंग्रजीत 'बी'नं लिहीत. त्या माणसाचं नाव दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मूळ संस्कृत शब्द 'विधान' आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मग बंकिमचंद्रांना आपण वंकिमचंद्र का म्हणत नाही? लाल-बाल-पाल मधले पाल आपल्याकडे बिपिनचंद्रच राहिले. ज्योती बसू सॉल्ट लेकच्या इंदिरा भवनात कितीतरी वर्षं राहिले, त्यांना 'वसू' म्हटलेलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. विवेकानंद आणि रवींद्रनाथ आपण 'व'नं लिहितो हे खरं, पण ती नावं मराठीत कित्येक पिढ्यांपासून रुळली आहेत आणि विवेकानंद तर स्वतःही इंग्रजीत 'व्ही'च लिहीत. बिधानबाबूंच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. शिवाय 'विधाननगर' वाचून नाशिकहून आलेल्या माझ्या जावेला वाटलं, विधानसभा इथेच आहे! नावातला माणूसच पुसला गेला, तर त्या शुद्धतेचा उपयोग काय?

आपल्या गावांच्या नावांना कुणी हात लावला की आपल्याला किती झोंबतं, ते आठवा. कुणी 'पूना' म्हटलं, 'थाना' म्हटलं की आमच्या घरात पानावर बसलेला माणूस हातातला घास ठेवून दुरुस्ती करतो. तोच माणूस ज्या गावचं मीठ खातो, त्या गावाचं नाव बदलून छापतो. 2001 साली कलकत्त्याचं कोलकाता झालं, तरी आपल्यातले निम्मे लोक अजून 'कोलकत्ता' लिहितात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिलं 'सॉल्ट लेक'. ते इंग्रजी म्हणून टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. महानगरपालिका बिधाननगरची, पण मेट्रोची स्थानकं सॉल्ट लेक स्टेडियम आणि सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह. रेल्वेच्या पाटीवर 'बिधाननगर रोड', आणि तिथे उतरणारा माणूस म्हणतो, "उल्टाडांग्याला उतरलो." पोस्टाला बिधाननगर चालतं, रिक्षावाल्याला ब्लॉकची दोन अक्षरं पुरतात, आणि शेजारच्या मासीमा 'सॉल्टलेक' असा एका दमात जोडशब्दच म्हणतात. 'सिटी' जोडून म्हटलं, की पुण्याच्या नातेवाइकांना अमेरिका आठवते. इथे राहणारा नुसतं सॉल्ट लेकच म्हणतो, आपणही तसंच म्हणावं.

माझी मुलगी मात्र परवा म्हणाली, "इथे लेक आहे कुठे? नावच खोटं आहे." सगळे हसले. मला त्या हसण्याचा राग आला, कारण उत्तर कुणीच दिलं नाही. अगं, तू ज्या जमिनीवर उभी आहेस तेच ते तळं! मुंबईच्या पाहुण्यांना नावावरून भांडुप-मुलुंडची मिठागरं आठवतात, पण इथलं खारं पाणी बिद्याधरी नदीतून समुद्राच्या भरतीबरोबर आत येई. पुढे नदी गाळानं भरली, भरतीचं पाणी यायचं थांबलं. तेव्हा शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवण्याची विद्या इथल्या कोळ्यांनी कमावली. या दलदलीचा उत्तरेकडचा भाग 1962 पासून बुजवायला घेतला. हुगळीच्या तळातला गाळ पाण्यात कालवून नळांमधून इथवर आणला आणि तळ्यांत ओतला. वर जे शहर उभं राहिलं, त्याचा आराखडा युगोस्लाव्हियाच्या दोब्रिवोये तोश्कोविच यांचा. काम सुरू झालं त्याच वर्षी 1 जुलैला, आपल्या वाढदिवशीच, बिधानबाबू गेले. ही सगळी हकिगत त्या दोन नावांत आहे. एक नाव बुजलेल्या पाण्याचं, दुसरं ते बुजवून घरं देणाऱ्याचं. मुलांना दोन्ही कळायला हवीत.

सूर जरा चढला, क्षमा असावी. पत्रिकेचं काम करणारी मंडळी रात्री जागून ते करतात, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण परक्या गावात राहणाऱ्यानं त्या गावाचं नाव तरी नीट घ्यावं, इतकी अपेक्षा जास्त नाही.

सगळं पाणी काही बुजलेलं नाही. पूर्वेला 12,500 हेक्टरची पाणथळ जमीन उरली आहे, 2002 पासून ती रामसर यादीत आहे. सेक्टर फाइव्हच्या कचेऱ्यांना लागूनच नलबनची भेरी, म्हणजे माशांचं तळं आहे. पुढच्या रविवारी मुलांना तिथे घेऊन जा आणि सॉल्ट लेकमधलं लेक दाखवा.