दाटीला विरोध नाही, हुसकावण्याला आहे

शहरात दाटी वाढू द्यावी की नाही, या प्रश्नावर नगररचनाकार बोलतात, पर्यावरणवादी बोलतात, बिल्डर तर बोलतातच. ज्यांच्या वस्त्या पाडून ही दाटी उभी राहते, त्यांना मात्र कुणी विचारत नाही. आम्ही हा प्रश्न त्यांच्या बाजूने मांडणार आहोत, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स या वाळवंटी महानगराचे. इतक्या लांब कशाला जायचे, असे कुणी विचारेल. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. तोच धागा धरून आपण तिकडे पाहू.

१९५० साली फिनिक्सची लोकसंख्या होती साधारण १ लाख ७ हजार. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाखांवर गेली. वर्षाला सात-आठ इंच पावसाच्या या प्रदेशात शहर पसरले ते कालव्याचे पाणी, मोटारगाडी आणि एअर कंडिशनर यांच्या जोरावर. आज ते ५०० चौरस मैलांहून अधिक जागेवर पसरलेले आहे. एका प्लॉटवर एकच बंगला, असा नियम शहराच्या मोठ्या भागात होता.

या पसरलेल्या शहरालाही गावकूस होते. रेल्वेच्या रुळांच्या दक्षिणेला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे मजूर, उत्तरेला गोरे. उत्तरेकडच्या अनेक घरांच्या खरेदीखतातच लिहिलेले असे की हे घर गोऱ्या माणसाशिवाय कुणाला विकायचे नाही. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही १९५३ साली लिंकन रॅग्सडेल आणि एलिनॉर रॅग्सडेल या कृष्णवर्णीय दांपत्याने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा त्यांच्या भिंतीवर वांशिक शिवी रंगवली गेली. लिंकन रॅग्सडेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यातले प्रशिक्षित वैमानिक होते, स्वतःचा व्यवसाय चालवत होते. शिक्षण आणि हुद्दा असूनही बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हे आपण विसरलेलो नाही. सरकारी घरेही याला अपवाद नव्हती. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनिक्समध्ये गरिबांसाठी तीन गृहप्रकल्प झाले: एक गोऱ्यांसाठी, एक कृष्णवर्णीयांसाठी, एक मेक्सिकनांसाठी. गरिबीतही पंगती वेगळ्या.

आता पसरण्याला मर्यादा आली आहे. नव्या वसाहतीला शंभर वर्षे पुरेल इतके पाणी दाखवावे लागते. भूजल तेवढे पुरणार नाही हे दिसल्यावर जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी देणे थांबवले. २०२४ साली राज्याने कायदा केला की ७५ हजारांहून मोठ्या शहरांनी मध्यवर्ती भागाच्या एक मैलाच्या आत, बंगल्यांच्या प्लॉटवर दोन ते चार घरांच्या इमारतींना परवानगी द्यावी. जून २०२५ मध्ये लाइट रेलचा मार्ग दक्षिण फिनिक्समध्ये पोहोचला. म्हणजे ज्या जमिनीकडे कुणी पाहत नव्हते, तिच्यावर आता सगळ्यांची नजर आहे.

इथे दोन आवाज ऐकू येतात. पहिला बंगलेवाल्यांचा: दाटी आली की आमच्या परिसराचे 'स्वरूप' बिघडेल. हे स्वरूप म्हणजे काय, ते खरेदीखतातल्या जुन्या अटींनी आधीच सांगून ठेवले आहे. सोवळ्याची भाषा बदलते, सोवळे तेच राहते. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याचा गौरव करणाऱ्यांना सुनावले होते, कारण मोकळ्या हवेतले ते खेडे आपल्याला गावकुसाबाहेर ठेवत होते. शहराच्या गर्दीत जात विचारल्याशिवाय निदान शेजारी उभे राहता येते. म्हणून एक बंगला, एक प्लॉट ही भिंत पडत असेल तर आम्ही तिच्यासाठी रडणार नाही.

दुसरा आवाज बाजाराचा: घरे वाढू द्या, भाडी आपोआप उतरतील. यात तथ्य नाही असे नाही. घरांचा तुटवडा खरा आहे आणि तो बांधल्याशिवाय संपणार नाही. पण पाडली जाते ती आधी जुनी, स्वस्त इमारत. तिथला भाडेकरू भाडी उतरण्याची दहा वर्षे वाट कुठे पाहणार? ॲरिझोनात राज्याच्या कायद्यानेच शहरांना भाडेनियंत्रण करायला मनाई आहे, आणि नव्या इमारतीत काही घरे स्वस्त ठेवा अशी सक्ती करायलाही. म्हणजे उंची वाढवण्याची परवानगी समाजाने द्यायची, आणि त्यातून वाढलेली किंमत जमीनमालकाने खिशात घालायची.

याची किंमत जिवाने मोजली जाते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तिथे उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास निम्मे बेघर होते. तिथे घरातून हुसकावणे म्हणजे माणसाला उन्हात मरायला सोडणे.

मग उपाय काय? फिनिक्सनेच दोन धडे दिले आहेत. विमानतळाच्या विस्तारासाठी गोल्डन गेट ही मेक्सिकन वस्ती उठवली गेली. हजारो माणसे पांगली, उभे राहिले फक्त त्यांचे चर्च. उलट एडिसन-ईस्टलेक भागातल्या जुन्या सरकारी घरांच्या पुनर्विकासाला २०१८ साली केंद्राचे अनुदान मिळाले. त्या योजनेची अटच अशी आहे की पाडलेल्या प्रत्येक सरकारी घरामागे तसेच एक घर द्यायचे आणि जुन्या रहिवाशाला परत येण्याचा हक्क ठेवायचा. दोन्हीकडे पाडापाडी झाली. फरक इतकाच की एका ठिकाणी हक्क आधी कागदावर होता, दुसरीकडे नव्हता.

हा फरक आपल्या तरुणांनी नीट ध्यानात घ्यावा. मुंबई-पुण्यातल्या आपल्या वस्त्यांच्या दारातही पुनर्विकास उभा आहे. सभेत टॉवरचे रंगीत चित्र दाखवले जाते. पात्र-अपात्रची यादी, संक्रमण शिबिराची मुदत, भाडेकरूचे काय होणार आणि दहा वर्षांनी देखभाल खर्च कोण भरणार, हे मात्र 'नंतर बघू' म्हणून ठेवले जाते. आम्ही टॉवरच्या विरोधात नाही. आपल्या माणसांनी कायम पत्र्याखाली राहावे असे म्हणणारे आपले हितचिंतक नव्हेत. पण परत येण्याचा हक्क, घरटी हिशेब आणि भाडेकरूंची नावे करारात आल्याशिवाय संमतीपत्रावर सही करायची नाही. अट आधी, सही नंतर.

पुढच्या सभेला जाताना कराराचा मसुदा मागा. मिळाला तर वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. मिळाला नाही, तर का मिळाला नाही तेही मोठ्याने विचारा.

जय भीम!