स्मिथ, श्मिट आणि लोहार

फर्स्ट इयरला वर्कशॉपचा पहिला दिवस. अंगात नवाकोरा निळा एप्रन, हातात कोरं जर्नल, समोर भट्टी आणि दारावर पाटी : 'स्मिथी'. सर हजेरी घेत होते. माझ्या आडनावाशी थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "लोहार? मग तुला काय शिकवायचं रे आम्ही!" सगळी बॅच हसली. मीही हसलो. (हसायचं नाही तर काय करायचं? टर्मवर्क त्यांच्याच हातात!)

खरी गंमत पुढे आहे. आमच्या घरात आजोबांनंतर भात्याला कुणी हात लावलेला नाही. बाबा बँकेत. आणि मी त्या दिवशी एस-हुक म्हणून जे काही केलं ते इंग्रजी आठासारखं दिसत होतं. वीसपैकी नऊ. म्हणजे आडनावाचा फायदा शून्य.

पण त्या पाटीने डोक्यात एक किडा सोडला. स्मिथी म्हणजे स्मिथची जागा. स्मिथ म्हणजे लोहार. मग ग्रॅम स्मिथ, स्टीव्ह स्मिथ, विल स्मिथ, 'मॅट्रिक्स'मधला तो काळ्या गॉगलवाला एजंट स्मिथ, हे सगळे माझे आडनावबंधू की हो! मग यांच्या हजेरीला कुणी का हसत नाही?

मित्रांनो, सबमिशनच्या दिवसांत अभ्यास सोडून माणूस काय काय वाचतो! तर स्मिथ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ धातूचं काम करणारा कारागीर. इंग्लंडमध्ये पूर्वी आडनावं नव्हतीच. 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू ती आली आणि 1400 च्या आसपासपर्यंत बहुतेक घराण्यांत कायम झाली. एका गावात चार जॉन असले की करवसुली करणाऱ्याची पंचाईत, म्हणून हा बेकर, हा टेलर, हा कूपर (पिंपं बनवणारा), हा टर्नर (लेथवाला, आपला माणूस!).

आता प्रश्न असा की गावात लोहार एखाद-दुसरा आणि शेतकरी शेकड्यांनी, तरी स्मिथच सगळ्यात जास्त कसे? उत्तर त्यातच आहे. जिथे सगळेच शेती करतात तिथे 'शेतकरी जॉन' म्हणून काय कळणार? लोहार मात्र जवळपास प्रत्येक गावाला लागायचा आणि गावात तो उठून दिसायचा. नांगराचा फाळ त्याचा, घोड्याचा नाल त्याचा, दाराची बिजागरी त्याची. म्हणून गावोगाव वेगवेगळे स्मिथ तयार झाले, ज्यांचं आपसात काहीही नातं नाही. आज इंग्लंडात हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. अमेरिकेतही तेच. तिथल्या 2010 च्या जनगणनेत 24 लाखांहून जास्त स्मिथ मोजले गेले. त्यातले सुमारे 23 टक्के कृष्णवर्णीय. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांकडे हे नाव गुलामगिरीच्या काळात आलं, म्हणजे ऐरणीशी संबंध नसतानाही. कित्येक जर्मन श्मिटही अमेरिकेत उतरल्यावर स्मिथ झाले.

आणि हे फक्त इंग्रजांचं नाही. जर्मनीत श्मिट, हंगेरीत कोवाच, रशियात कुझनेत्सोव्ह, अरबांत हद्दाद, फ्रान्समध्ये लफेव्र. सगळे लोहारच. आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये पार्टनरने लाल गाडीचं पोस्टर लावलंय. त्याला सांगितलं की फेरारी म्हणजे इटालियनमध्ये आमचंच आडनाव, तर दोन दिवस विश्वास ठेवायला तयार नव्हता. लॅटिनमध्ये 'फेरम' म्हणजे लोखंड (केमिस्ट्रीतला एफई आठवा), त्यावरून ते आलं. थोडक्यात, भिंतीवर 'लोहार' लिहिलेलं पोस्टर लावून तो रोज झोपतो!

आणखी एक. 1979 ते 1982 या काळात पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर होता हेल्मुट श्मिट आणि ब्रिटनची पंतप्रधान होती मार्गारेट थॅचर. थॅचर म्हणजे गवताने घर शाकारणारा. म्हणजे युरोपचं राजकारण एक लोहार आणि एक शाकारणी करणारी बघत होते, आणि यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास माहिती. स्टीम हॅमरवाला जेम्स नॅस्मिथ आठवतो? 1842 चं पेटंट. त्याच्या आडनावाचा अर्थ शब्दकोशवाले सुऱ्या घडवणारा लोहार असा लावतात. पण त्याच्या घराण्यात वेगळीच कथा सांगत. एक पूर्वज लढाईत पळून लोहाराच्या भट्टीत लपला, लोहाराचं सोंग घेतलं, पण घणाचा दांडाच मोडला आणि शत्रू ओरडला, "अरे, तू कसला लोहार!" स्कॉटिश बोलीत 'ने स्मिथ' म्हणजे लोहार नव्हे, तेच म्हणे आडनाव झालं. घराण्याच्या चिन्हावर खंजीर आणि मोडके हातोडे, खाली लॅटिन बोधवाक्य : कलेने नव्हे, युद्धाने. जेम्सने ते उलटं केलं : युद्धाने नव्हे, कलेने. पूर्वज लोहार नव्हते हे सांगण्यासाठी कथा रचणारं घराणं, आणि त्याच घराण्यातल्या पोराने वाफेवर चालणारा घण बनवला!

म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नव्हतं हे उघड आहे. तिकडे वर्ग होते, गिल्ड होते, स्मिथचं स्पेलिंग लांबवून 'स्मायथ' म्हणवून घेणारेही होते. पण फरक एका ठिकाणी पडला. स्मिथचा मुलगा पुढे सुतार होऊ शकला, कस्टम्समध्ये लागू शकला (ॲडम स्मिथचे वडील कस्टम्समध्येच होते), बेकरच्या मुलीशी लग्न करू शकला. दोन-तीन पिढ्यांत नावाचा आणि धंद्याचा संबंध तुटला. उरला तो नुसता आवाज.

आपल्याकडे उलटं झालं. लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, शब्द अगदी तसेच तयार झाले. पण बलुतेदारीत धंदाही जन्माने आणि लग्नही जातीतच. आता बलुतं गेलं, धंदा गेला, घरातली ऐरण भंगारात गेली, लग्नाचं कुंपण मात्र शिल्लक. त्यामुळे आडनाव धंदा सांगत नाही, फक्त जात सांगतं. सर त्या दिवशी हसले ते लोखंडाला नव्हे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे बाबा. डिग्री सर्टिफिकेटच्या नावाचा फॉर्म आला तसे ते म्हणाले, "आत्ताच गॅझेट करून घे. गावाच्या नावापुढे 'कर' लाव. पुढे नोकरीला, भाड्याच्या खोलीला प्रश्न नको." बाबांनी स्वतः काय ऐकलंय ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण खोली शोधताना 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नावर आईकडे बघायची त्यांची सवय मला माहीत आहे. त्यामुळे त्यांना भित्रे म्हणायची माझी हिंमत नाही. माझ्याच वर्गात असे मित्र आहेत ज्यांना आडनावापायी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं. त्यांनी बदललं तर त्यांना लेक्चर द्यायला मी जाणार नाही.

माझं म्हणणं माझ्यापुरतं आहे. 'कर' लावून फार तर एक प्रश्न पुढे ढकलला जातो. 'मूळचे कुठले? म्हणजे तुम्ही कोण?' हा दुसरा प्रश्न विचारणारे विचारतातच, त्यात ते पटाईत असतात. आणि प्रत्येक शिकलेल्या लोहाराने नाव टाकलं, तर लोहार नावाचा इंजिनिअर कुणाला दिसणार कसा? मग पुढच्या बॅचच्या हजेरीलाही सगळे असेच हसणार. स्मिथ हे नाव नुसतं नाव झालं ते स्मिथांनी ते टाकून दिलं म्हणून नाही, ते घेऊन ते सगळीकडे गेले म्हणून.

हे मी बाबांना असंच्या असं बोललो. ते काही बोलले नाहीत. रात्री फॉर्म भरताना शेजारी येऊन बसले. इंग्रजी रकाना झाला, मराठी रकान्यात मी 'लोहार' लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या आणि म्हणाले, "आजोबांचं नाव चुकलंय. 'ना' नाही, 'न' आहे. खोड आणि परत लिही."