जुनी पेढी बुडते कशी?

मैत्रिणींनो, ‘एवढी जुनी कंपनी, ती कशाला बुडतेय!’ असं म्हणून आपण निर्धास्त राहतो. ह्यांची नोकरी तिथे, घरातली ठेवही तिथेच. पण जुनेपणा म्हणजे काही तारण नव्हे. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या.

नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. इंग्लंडातले गिरणीवाले नव्या रिंग चात्यांना नाकं मुरडत होते, तेव्हा टाटांनी त्या नागपुरात बसवल्या. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे विदर्भातल्या कितीतरी कोष्टी घरांतले माग थांबले, आणि त्यांतलेच काहीजण गिरणीत कामाला लागले. आमच्या आंधळगावात हातमागावरचा कोसा टिकला, तो स्वस्ताईत गिरणीशी बरोबरी करून नव्हे, तर गिरणीच्या ठाणात न मिळणारं वस्त्र देऊन.

पण नव्याचं वारं एकाच दारी थांबत नाही. पुढे टेरिलीन, टेरिकॉट आलं. धुतलं, वाळवलं की घातलं, इस्त्रीची कटकट नाही! आपल्या आया-सासवांनीच सुती सोडून नायलॉनचं पातळ घेतलं. त्यात यंत्रमागवाले गिरणीपेक्षा कमी खर्चात कापड काढू लागले. १९८६ साली एम्प्रेस मिल टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. कामगारांसाठी १८८६ सालीच निवृत्तिवेतनाचा निधी काढणारी ही गिरणी! नुसत्या चांगुलपणावर माल खपत नाही, हेच खरं.

परदेशातल्या कोडॅकचं तर आणखीच नवल. फिल्मशिवाय चालणारा डिजिटल कॅमेरा १९७५ साली त्यांच्याच इंजिनियरने बनवला. पण सगळी कमाई फिल्मवर, मग आपल्याच हातानं तिला धक्का कोण लावणार? तो धक्का दुसऱ्यांनी दिला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता आपल्या घरापुरतं बघू. कंपनीचं दिवाळं निघालं, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे आधी त्या कामकाजाचा खर्च वळता होतो. मग तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी. विनातारण ठेव ठेवणारे त्यांच्या मागे, आणि शेअरवाले अगदी शेवटी. म्हणून एक टक्का व्याज जास्त मिळतं, एवढ्यासाठी सगळी पुंजी एका कंपनीत घालू नये. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. कंपनीच्या ठेवीला तसा नाही.

ह्यांच्या पगाराची तारीख पुढे ढकलली जाऊ लागली, तर भविष्यनिर्वाह निधीचा भरणा खात्यात होतोय ना, ते पासबुकात पाहा. पासबुक आता मोबाइलवरही दिसतं. आणि एक साधी परीक्षा: ती कंपनी जे विकते, ते आपण, आपली जाऊ, आपली शेजारीण अजून विकत घेतो का? गिऱ्हाईक पाठ फिरवतं ते आधी आपल्या किराणाच्या यादीत नि कपड्यांच्या कपाटात दिसतं, ताळेबंदात नंतर. तेव्हा ठेवीची मुदत संपली, की पावती डोळे झाकून पुढे चालू ठेवण्याआधी घरात हा विषय जरूर काढा.