कवडशातली धूळ आणि जिवंत पेशी

डिसेंबर आला की भोपाळची आठवण निघतेच. १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. गांधी मेडिकल कॉलेजच्या डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एकामागून एक शवविच्छेदने केली. फुप्फुसे पाणी भरून जड झालेली होती. अशा फुप्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही नेहमीची रीत. पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. शेवट काय झाला एवढेच ती सांगते. हवेतले विष आत शिरताना पेशीचे काय होत होते, हे विचारायला पेशी जिवंत हवी.

जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. काचपट्टीवर आहे की नाही तेच कळत नाही. फ्रिट्स झेर्निके या डच शास्त्रज्ञाने पेशीतून जाताना मागे पडणाऱ्या प्रकाशलहरींचे रूपांतर उजेड-अंधारात केले, आणि न रंगवता पेशी दिसू लागली. त्याला १९५३ चे नोबेल मिळाले.

वायूचा रेणू असा दिसणार नाही, तो फारच लहान. पण आज आपल्या हवेत डिझेलच्या काजळीचे कण आहेत, शंभर नॅनोमीटरहूनही बारीक. साध्या प्रकाशात सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगितले होते. मग हे कण बघायचे कसे?

आपल्या घरांत धूळ असतेच, पण ती दिसते कवडशातच! अंधाऱ्या खोलीत तिरपा उजेड आला की एरवी न दिसणारा कण चमकतो. झिग्मोंडी आणि सीडेनटोप्फ यांनी १९०३ मध्ये हीच युक्ती करून लाल काचेतले सोन्याचे कण पाहिले. आजही समोरचा प्रकाश काळ्या चकतीने अडवतात, बाजूचा तेवढा सोडतात. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चांदीचे कण बहुधा निळे, सोन्याचे हिरवट-पिवळे लुकलुकतात, आणि पेशीच्या कडेशी थबकून आत जातानाही दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कणाचा आकार फार स्पष्ट दाखवतो, पण त्याच्या निर्वात पोकळीत पेशी जगत नाही.

बी.एस्सी.च्या मुलांना मात्र एक गोष्ट आधीच सांगावी लागते. तो ठिपका म्हणजे कणाचा फोटो नव्हे, नुसती चमक आहे. तिच्यावरून कणाचा आकार मोजायला जाऊ नये. शिवाय पेशीचे स्वतःचे दाणेही तसेच चमकतात. म्हणून कण न घातलेली पेशी आधी दहा मिनिटे बघायची, मगच थेंब सोडायचा.