हिरव्या टोपणाची किंमत

पुणे-अहिल्यानगर मार्गावर शिरूरजवळ किंवा पुणे-सोलापूर मार्गावर दौंड तालुक्यातील पाटसजवळ पेट्रोल पंपावर मोटार थांबली, की ‘साधी हवा की नायट्रोजन?’ हा प्रश्न कानी येऊ लागला आहे. साधी हवा पंपचालकाने विनामूल्य द्यावयाची, असा तेल कंपन्यांचा दंडक आहे. नायट्रोजनला पैसे पडतात. सुरक्षिततेचे नाव निघताच मध्यमवर्गीय ग्राहक निमूटपणे खिशात हात घालतो, आणि चाकावर हिरवे टोपण चढते.

या व्यवहारात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. प्राणवायू रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकविषयक मासिकाने ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ ३० पौंड दाबातून साध्या हवेचा दाब साडेतीन पौंडांनी उतरला, नायट्रोजनचा २.२ पौंडांनी. म्हणजे वर्षाकाठी लाभ सव्वा पौंडाचा! विमानाच्या चाकांत नायट्रोजन भरतात तो आगीचा धोका व बाष्प टाळण्यासाठी. शिक्षकाच्या स्कूटरला ती भीती नाही.

मुळात साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. आधी हवा असलेल्या चाकात तीन पौंड नायट्रोजनची भर घातली, तर हे प्रमाण जेमतेम दीड टक्क्याने वाढते. पैसे मात्र पुऱ्या नायट्रोजनचे मोजले जातात. ‘नायट्रोजन तापत नाही’ हा प्रचार तर पदार्थविज्ञानाला सोडूनच आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन यांचा दाब तापमानाबरोबर सारखाच वाढतो.

जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी टायरांत नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार राज्यसभेत बोलून दाखविला होता. हेतू चांगला, पण रोग एक आणि औषध दुसरे. टायर फुटतो तो बहुधा कमी दाबाने, अतिभाराने वा झिजल्याने. दाब कमी पडला की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि अखेर फाटतात. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीचा गुळगुळीत टायर कोणत्या वायूने वाचणार?

महिन्यातून एकदा, चाके थंड असताना दाब तपासणे हा उपाय फुकटातला आहे. परंतु त्यासाठी पंपावरील हवेचे यंत्र चालू आणि त्याचा काटा खरा हवा. शिरूर व दौंड तालुक्यांतील पंपांवरचे हे काटे वैधमापन यंत्रणेने गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासावेत, आणि ‘यंत्र बंद आहे’ ही पाटी जेथे कायमची लटकते तेथे जाब विचारावा.